आडवाटांच्या गर्दीतला पॉलिप: मोठ्या आतड्यात डोकावण्याचा इतिहास

जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, मग या. आज आपण मोठ्या आतड्यात शिरणार आहोत.

४ जुलै २०२१. रोमच्या जेमेली हॉस्पिटलमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. व्हॅटिकननं कारण दिलं डायव्हर्टिक्युलर स्टेनोसिस, म्हणजे आतड्याच्या भिंतीला आलेल्या पिशव्या आणि त्यापायी अरुंद झालेली वाट. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, 'ब्लॅक पँथर'मधला आपला लाडका चॅडविक बोसमन गेला. वय फक्त ४३. आजार, कोलन कॅन्सर.

दोन माणसं, दोन वेगळे आजार, पण अवयव एकच. आजचा प्रश्न या दोघांच्या मधल्या जागेतला आहे. ज्या आतड्यात आधीच पिशव्याच पिशव्या झाल्यात, तिथे कॅन्सरच्या आधीची पायरी असलेला पॉलिप शोधायचा कसा?

आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण हा सगळा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहिलं की अरे, हा तर डिटेक्शनचा प्रॉब्लेम आहे! फॉल्स पॉझिटिव्ह, फॉल्स निगेटिव्ह, एज केस, सगळं यात आहे. फरक एवढाच, की इथे बग सुटला तर ॲप क्रॅश होत नाही, माणूस जातो.

आधी दोन शब्द समजून घेऊ

मोठ्या आतड्याच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. त्या थरातून रक्तवाहिन्या आरपार जातात आणि जिथून जातात तिथे भिंत जरा कमजोर असते. वय वाढतं, आतला दाब वाढतो, आणि त्या कमजोर जागेतून आतलं अस्तर बाहेरच्या बाजूला फुगतं. सायकलच्या जुन्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावते ना, तसंच. या फुगवट्याला म्हणतात डायव्हर्टिक्युलम. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आडवाट. मुख्य रस्ता सोडून बाजूला गेलेली गल्ली. पाश्चात्त्य देशांत साठी ओलांडलेल्या साधारण निम्म्या लोकांत या आडवाटा सापडतात. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. काहींच्या पिशव्या सुजतात, काहींच्यातून रक्त येतं.

पॉलिप याच्या बरोबर उलटा. तो आतल्या बाजूला उगवतो, मांसाच्या छोट्या कोंबासारखा. सगळेच पॉलिप वाईट नसतात. पण अॅडिनोमा नावाच्या प्रकारातले काही पॉलिप हळूहळू, बऱ्याचदा दहा-एक वर्षं घेऊन, कॅन्सरकडे सरकतात.

थोडक्यात, पिशवी म्हणजे खड्डा आणि पॉलिप म्हणजे उंचवटा. ऐकायला किती सोपं! खड्डा आणि उंचवटा कुणालाही ओळखता येईल. पण गंमत बघा, हाच फरक ओळखण्यात डॉक्टरांची शंभर वर्षं गेली.

मेणबत्तीपासून बेरियमपर्यंत

१८०६ मध्ये फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी नावाच्या डॉक्टरनं एक उपकरण दाखवलं. एक नळी, एक आरसा आणि उजेडासाठी चक्क मेणबत्ती. शरीराच्या आत बघायचं! व्हिएन्नाच्या वैद्यकीय मंडळींनी नाकं मुरडली. बोझिनी बिचारा १८०९ मध्ये टायफसनं गेला, वयाच्या पस्तिशीत. पण कल्पना राहिली. पुढे कडक धातूच्या नळ्या आल्या. त्यांचा त्रास असा की आतडं वाकडं आणि नळी सरळ. खालून साधारण २५ सेंटीमीटर गेलं की संपलं.

पिशव्यांबद्दल तोवर माहिती मिळायची ती मुख्यतः शवविच्छेदनातून. फ्रान्सच्या क्रुव्हेये यांनी १८४९ मध्ये त्यांचं नीट वर्णन केलं. पण जिवंत माणसात त्या दिसू लागल्या एक्स-रे आल्यावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. एक्स-रेला आतडं तसं दिसत नाही, म्हणून खालून बेरियमचा पांढरा घोळ भरायचा आणि फोटो काढायचा. १९२३ मध्ये जर्मनीच्या फिशर यांनी त्यात सुधारणा केली. बेरियमनं भिंतीला पातळ लेप द्यायचा आणि मग हवा भरायची. याला म्हणतात डबल कॉन्ट्रास्ट. आता भिंतीवरच्या बारीकसारीक गोष्टी उठून दिसू लागल्या.

आणि इथेच पहिला गोंधळ झाला. बेरियमचा लेप बसलेली पिशवी समोरून पाहिली की फोटोत गोल कडं दिसतं. पॉलिप समोरून पाहिला तरी गोल कडंच! तिरकं पाहिलं तर दोन्ही इंग्रजी गोल टोपीसारखे दिसतात. मग रेडिओलॉजिस्ट लोकांनी नियम काढला. टोपीचा घुमट आतड्याच्या मध्याकडे वळलेला असेल तर पॉलिप, मध्यापासून लांब असेल तर पिशवी. या खुणेचं नावच पडलं 'बोलर हॅट साइन'. इफ-एल्स कंडिशनच म्हणा ना!

पाच-सात पिशव्या असतील तर हा नियम चालतो. पण सिग्मॉइडमध्ये, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूला खाली असलेल्या वळणदार भागात, पिशव्यांची रांगच्या रांग लागलेली असते. तिथले स्नायू जाड झालेले, वाट आकसलेली, घड्या एकमेकींवर चढलेल्या. फोटोत पन्नास कडी, एकमेकांवर पडलेली. त्यातलं एकावन्नावं कडं पॉलिपचं आहे हे सांगणार कोण?

एका पंजाबी मुलाची काच

सुटका व्हायला नळीनं वाकायला शिकणं भाग होतं. त्यासाठी उजेडानंही वाकायला शिकायला हवं होतं. इथे गोष्टीत येतो नरिंदर सिंग कपानी. जन्म पंजाबातल्या मोग्याचा, शिक्षण आग्र्यात, मग लंडनचं इम्पीरियल कॉलेज. तिथे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यानं काचेच्या हजारो बारीक तंतूंची जुडी बांधून तिच्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर'मध्ये हा शोध छापून आला. आज तुम्ही हा एपिसोड ज्या इंटरनेटवर ऐकताय ते समुद्राखालून ज्या फायबरमधून येतं, त्याच घराण्यातली ही जुडी. कपानींना भारत सरकारनं पद्मविभूषण दिलं, पण २०२१ मध्ये, ते गेल्यानंतर.

बेसिल हर्शोविट्झ नावाच्या तरुण डॉक्टरनं तो लेख वाचला आणि थेट लंडन गाठलं. परत जाऊन अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात तो कामाला लागला. अडचण ही होती की तंतू एकमेकांना चिकटले की उजेड एकातून दुसऱ्यात गळायचा. तो प्रश्न सोडवला लॅरी कर्टिस या विद्यार्थ्यानं. वय म्हणाल तर कॉलेजात जाणारा पोरगा! त्यानं तंतूला वेगळ्या काचेचं आवरण चढवलं. फेब्रुवारी १९५७ मध्ये हर्शोविट्झनं तो स्कोप आधी स्वतः गिळून पाहिला. प्रॉडक्शनमध्ये टाकण्याआधी स्वतःवर टेस्टिंग, यापेक्षा वेगळं काय असतं?

पण हे झालं पोटाचं. खालून वर जाणं जास्त अवघड, कारण वळणं जास्त. १९६५ मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर प्रोव्हेंझाले आणि रेव्हिन्यास या दोघांनी भलतीच युक्ती केली. पेशंटला तोंडातून एक लांब बारीक नळी गिळायला दिली. ती सगळ्या आतड्यांतून फिरून खालून बाहेर आली. मग तिला स्कोप बांधला आणि तोंडाकडून ओढला. विहिरीवरच्या रहाटासारखा! पण संपूर्ण मोठं आतडं आतून पाहिलं गेलं.

तारेचा फास

सप्टेंबर १९६९. न्यूयॉर्कचं बेथ इस्रायल हॉस्पिटल. हिरोमी शिन्या हे जपानी सर्जन आणि त्यांचे सहकारी विल्यम वुल्फ. शिन्यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा एक फास आत सोडला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला, त्यातून वीज सोडली आणि पॉलिप कापून बाहेर काढला. पोट न फाडता. याआधी सरळ नळीच्या टप्प्यापलीकडे पॉलिप असला की पोट उघडण्याशिवाय इलाज नव्हता.

इथून 'शोधणे' या शब्दाचा अर्थच बदलला. बेरियम फक्त सांगणार होतं, कोलोनोस्कोप सांगतानाच काढून टाकणार होता. काढल्यानं कॅन्सर खरंच टळतो का? १९९३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पॉलिप स्टडीचं उत्तर आलं. पॉलिप काढलेल्या १,४१८ लोकांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यात अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी कॅन्सर झाले. याच अभ्यासातून २००० साली आणखी एक तुलना आली. एकाच माणसाची बेरियम तपासणीही केली आणि कोलोनोस्कोपीही. कोलोनोस्कोपीत अॅडिनोमा सापडलेल्या तपासण्यांपैकी फक्त ३९ टक्क्यांत बेरियमला काही दिसलं होतं. एक सेंटीमीटरपेक्षा मोठे पॉलिपसुद्धा बेरियमनं निम्म्याहून जास्त वेळा सोडले.

सापडलं म्हणून शोधणं थांबलं

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सत्तरच्या दशकात समजा एखाद्या आजोबांना संडासवाटे रक्त गेलं. बेरियम केलं. फोटोत पिशव्याच पिशव्या. डॉक्टर म्हणाले, सापडलं कारण. पिशव्यांतून रक्त येतच असतं. फाइल बंद.

तुमच्यातल्या कोड लिहिणाऱ्यांना ही सवय ओळखीची वाटेल. एरर आली, लॉगमध्ये एक बग दिसला, तो दुरुस्त केला, तिकीट क्लोज. त्याच्या मागे दुसरा बग बसलाय हे कोण बघतं? रेडिओलॉजीत या सवयीला नावच आहे, 'सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च'. एक गोष्ट सापडल्याचं समाधान पुढचा शोध थांबवतं.

पिशव्यांपासून पॉलिप होत नाहीत, हे लक्षात घ्या. पण दोन्ही वयाबरोबर वाढतात, त्यामुळे एकाच आतड्यात शेजारी शेजारी नांदू शकतात. १९८४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बूलोस आणि सहकाऱ्यांनी लेखाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला: साध्या, गुंतागुंत नसलेल्या डायव्हर्टिक्युलर आजारात कोलोनोस्कोपीची गरज आहे का? त्यांनी बेरियमवर पिशव्या दिसलेल्या पेशंटना स्कोप घातला, आणि बेरियमनं न दाखवलेले पॉलिप पिशव्यांच्या शेजारी सापडले. म्हणजे जिथे फाइल बंद व्हायची, तिथेच खरं काम बाकी होतं.

आपल्याकडे याच सवयीचं देशी रूप आहे. रक्त गेलं? मूळव्याध असेल! मलम लाव, तिखट कमी खा. बऱ्याचदा मूळव्याधच असते, यात वाद नाही. पण ती असली म्हणून वर दुसरं काही नाही, हे सिद्ध होत नाही.

स्कोपचीही परीक्षा

मग कोलोनोस्कोप आला आणि प्रश्न मिटला? छे! पिशव्यांनी भरलेलं सिग्मॉइड स्कोपलाही छळतं. समोर पाच भोकं दिसतात, त्यातली चार आडवाटा आणि एकच हमरस्ता. आडवाटेत जोर लावला तर भिंत फाटायची भीती. घड्या जाड, त्यांच्या मागे पॉलिप लपतो. पिशव्यांत मळ अडकून बसतो.

त्यातून एक फसवा प्रकार आहे, उलटी झालेली पिशवी. मोज्याचं बोट आतून ओढल्यावर कसं उलटं होतं, तशी पिशवी आतड्यात उलटते आणि हुबेहूब पॉलिपसारखी दिसते. तिला पॉलिप समजून फास लावला तर? ती आतड्याची भिंतच आहे, तिथे भोक पडणार. म्हणून जाणकार डॉक्टर आधी तिला बंद चिमट्यानं हलकेच दाबून बघतात. मऊ लागली, आत गेली, तर पिशवी. हा फॉल्स पॉझिटिव्ह पॉलिप सुटण्याइतकाच महागात पडू शकतो.

यावर उपाय निघाले ते साधे. लहान मुलांसाठीचा बारीक स्कोप वापरायचा. हवेऐवजी पाणी भरत पुढे जायचं. स्कोपच्या टोकाला पारदर्शक टोपण लावून घड्या बाजूला सारायच्या. पेशंटला कुशीवरून पाठीवर वळवायचं. आणि पिशव्यांना सूज असेल तर थांबायचं. डायव्हर्टिक्युलायटिसचा झटका ओसरल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी स्कोप करायचा, असा रिवाज पडला. हा स्कोप सगळ्यांना लागतो का, यावर वाद झाले. २०१४ मध्ये जुन्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. साधी सूज आलेल्यांत कॅन्सर निघाला सुमारे ०.७ टक्के लोकांत. गळू, भोक अशी गुंतागुंत झालेल्यांत मात्र सुमारे ११ टक्के. त्या लोकांत 'सूज'च्या मागे कॅन्सर दडलेला होता.

१९९४ मध्ये डेव्हिड व्हायनिंग यांनी वेगळीच वाट काढली. सीटी स्कॅनच्या चित्रांवरून कॉम्प्युटरमध्ये आतडं उभं करायचं आणि व्हिडिओ गेमसारखं त्यातून उडत जायचं. व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी! २००३ च्या १,२३३ लोकांच्या अभ्यासात एक सेंटीमीटर आणि त्याहून मोठ्या अॅडिनोमांपैकी जवळपास ९४ टक्के तिनं पकडले. पण सिग्मॉइडमध्ये पिशव्या असल्या की आतडं नीट फुगत नाही, जाड घडी आणि पॉलिप यांत गल्लत होते. परत तीच एज केस, त्याच ठिकाणी.

सहा मिनिटं

एवढी यंत्रं आली, तरी सगळ्यांत मोठा धक्का साध्या घड्याळानं दिला. १९९७ मध्ये एक प्रयोग झाला. एकाच माणसाची, एकाच दिवशी, पाठोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी. पहिल्या वेळी सुटलेले अॅडिनोमा होते २४ टक्के! मोठे कमी सुटले, ६ टक्के, पण सुटले. म्हणजे कॅमेऱ्यासमोर असूनही, किंवा घडीमागे असल्यानं, चांगल्या डॉक्टरांनाही ते दिसले नव्हते.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या १२ डॉक्टरांच्या ७,८८२ कोलोनोस्कोपी तपासल्या गेल्या. स्कोप बाहेर काढताना सरासरी सहा मिनिटं किंवा जास्त वेळ घेणाऱ्या डॉक्टरांना २८.३ टक्के लोकांत पॉलिपसारखी वाढ सापडली. घाई करणाऱ्यांना ११.८ टक्के लोकांत. यंत्रं तीच, ट्रेनिंग तेच, फरक फक्त थांबून बघण्याचा. २०१४ मध्ये तर तीन लाखांहून जास्त तपासण्यांवरून दिसलं, की डॉक्टरचा अॅडिनोमा शोधण्याचा दर एक टक्क्यानं वाढला की त्याच्या पेशंटना पुढे कॅन्सर होण्याचा धोका तीन टक्क्यांनी कमी होतो.

आणि आता एआय

मला वाटतं तुम्ही या भागाची वाट बघत होता. २०१९ मध्ये चीनमध्ये १,०५८ लोकांवर चाचणी झाली. कॅमेऱ्याचं चित्र लाइव्ह बघून पॉलिपभोवती चौकोन काढणारं सॉफ्टवेअर. अॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण २०.३ वरून २९.१ टक्क्यांवर गेलं. वाढीव सापडलेले बरेचसे अगदी छोटे होते, हेही खरं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं अशा पहिल्या यंत्रणेला परवानगी दिली.

पण चौकोन काढायला पॉलिप आधी चित्रात यावा लागतो. घडीच्या मागे असलेला पॉलिप मॉडेलला कसा दिसणार? मॉडेल आहे त्या पिक्सेलवर काम करतं, घडी उलगडायचं काम हाताचंच. आणि २०२५ मध्ये पोलंडमधून विचार करायला लावणारी बातमी आली. एआय वापरायला लागल्यानंतर, त्याच डॉक्टरांच्या एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत अॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. हा एकच अभ्यास आहे, त्यावरून लगेच निकाल लावायला नको. पण चौकोन दिसला नाही म्हणजे काही नाही, असं डोळ्याला वाटायला लागलं असेल, तर ती परत जुनीच सवय झाली. तेव्हा फोटोतल्या पिशव्यांचं समाधान होतं, आता रिकाम्या स्क्रीनचं.

आपण काय करायचं?

ऐकणारे तुम्ही बहुतेक विशी-तिशीतले. हा एपिसोड खरा कामाचा आहे तुमच्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी. कुणाच्या रिपोर्टवर 'डायव्हर्टिक्युलोसिस' लिहून आलं तर घाबरू नका, तो शब्द कॅन्सरचा नाही. पण 'पिशव्या आहेत, त्यामुळेच रक्त येतंय' असं कुणी म्हटलं, तर नम्रपणे विचारा. संपूर्ण मोठं आतडं पाहून झालंय का? आतडं नीट साफ झालं होतं का? वाट अरुंद असल्यानं काही भाग बघायचा राहिला का, आणि राहिला असेल तर तो कधी बघायचा? हे प्रश्न विचारल्यानं चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या बाबतीतही, संडासवाटे रक्त जात असेल किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर वय लहान आहे म्हणून गप्प बसू नका. लाज वाटून घालवण्याइतका वेळ कुणाकडेच नसतो. अमेरिकेत तपासणी सुरू करायचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं गेलं, ते उगाच नाही.

आणि हो, तपासणीच्या आदल्या दिवशी आतडं साफ करायचं ते बेचव औषध बाबांनी अर्धं बेसिनमध्ये ओतलं नाही ना, तेवढं बघा. पिशव्यांच्या आतड्यात निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

एपिसोड आवडला असेल तर घरच्या ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा कामाचा आहे. पुढच्या वेळी भेटू, तोवर काळजी घ्या!